मादी सशाचं खोटं गर्भारपण: घरटं बांधायला लागली की काय करायचं

कालपर्यंत शांत असणारी मादी आज सकाळपासून तोंडात वाळक्या गवताच्या काड्या आडव्या धरून खोलीभर फिरतेय. एकाच कोपऱ्यात पुन्हा पुन्हा जाते, काड्या ठेवते, पंजांनी खरवडते, आणि मधेच मान खाली घालून स्वतःच्या गळ्याखालचे, पोटावरचे केस दातांनी उपटून त्या ढिगावर पसरते. हात पुढे केला तर घशातून गुरगुरून अंगावर येते. घरात नर नाही. मग हे काय चाललंय?

इंदूरमध्ये ससे पाळणाऱ्या मराठी घरांतून हा प्रश्न सारखा कानावर येतो, विशेषतः थंडी सरून दिवस मोठे व्हायला लागले की. काही घरांत लगेच आनंद होतो, आजी म्हणतात, "अगं, आई होणार ही!" काही घरांत घाबरगुंडी उडते की केस गळायचा रोग लागला. बहुतेक वेळा दोन्ही अंदाज चुकलेले असतात. मादी गर्भार नसते, आजारीही नसते. तिच्या शरीराने गर्भ राहिल्यासारखं वागायला सुरुवात केलेली असते, आणि ते दोन-अडीच आठवड्यांत आपोआप ओसरतं.

तरीही याकडे दुर्लक्ष करू नये असं मी आग्रहाने सांगते. या दिवसांत मादी कमी खाते, आणि सशाने खाणं थांबवणं ही नेहमीच गंभीर गोष्ट असते. घरटं पाहून आपण चकित होतो आणि दिवसभर घरट्याबद्दलच बोलत राहतो. लक्ष द्यायचं ते तिच्या खाण्यावर, लेंड्यांवर आणि स्तनांवर.

हे होतं कसं

कुत्री, गाय, बाई यांच्या शरीरात बीज ठरावीक चक्राने सुटतं. सशात तसं नसतं. मादीचं बीज समागमाच्या उत्तेजनेनंतर, साधारण १० ते १२ तासांनी सुटतं. म्हणजे बीज सुटण्यासाठी शरीर एका इशाऱ्याची वाट पाहत असतं, आणि हा इशारा नराकडूनच यावा लागतो असं नाही. सोबतची दुसरी मादी पाठीवर चढली तरी पुरतं. खच्ची केलेल्या नराने समागम केला तरी पुरतं. जवळच्या पिंजऱ्यातल्या नराचा वास, कधी कधी माणसाने पाठीच्या मागच्या भागावरून वारंवार हात फिरवणं, एवढ्यानेही काही माद्यांमध्ये बीज सुटतं.

बीज सुटलं की अंडाशयात त्या जागी एक पिवळसर गाठ तयार होते आणि ती प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सोडू लागते. गर्भ असो वा नसो, शरीर पुढची तयारी सुरू करतं. गर्भ खरोखर असेल तर ही गाठ महिनाभर टिकते. गर्भ नसेल तर गर्भाशयाकडून उलटा संदेश जातो, गाठ १६ ते १८ दिवसांत विरते, प्रोजेस्टेरॉन झपकन खाली येतं आणि दूध आणणारं प्रोलॅक्टिन वर चढतं. संप्रेरकांची ही अदलाबदल खऱ्या प्रसूतीच्या आधीही अशीच होते. म्हणून घरटं, केस उपटणं आणि स्तन भरणं हे सगळं याच टप्प्यावर एकदम दिसायला लागतं.

म्हणजे तुम्ही घरटं पाहता तेव्हा हे प्रकरण सुरू होऊन दोन आठवडे उलटलेले असतात आणि ते संपत आलेलं असतं. ही गोष्ट नीट लक्षात ठेवली तर पुढचं सगळं सोपं जातं.

पहिली पायरी: नर नाही याची खात्री करा

"दोन्ही माद्या आहेत, दुकानदाराने सांगितलं" या वाक्यावर विसंबू नका. सहा-आठ आठवड्यांच्या पिल्लांचं लिंग ओळखणं अनुभवी माणसालाही अवघड जातं, आणि बाजारात पिल्लं त्याच वयात, कित्येकदा त्याहूनही लहान असताना विकली जातात. जोडीतली एक 'बहीण' पुढे भाऊ निघाल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

तपासायला दोन माणसं लागतात. एकाने सशाला मांडीवर पाठ टेकवून, मागचा भाग नीट आधार देऊन धरायचं. मागच्या पायांना आधार नसेल आणि त्याने जोरात लाथ मारली तर मणका मोडू शकतो, म्हणून हे घाईत करू नका. दुसऱ्याने शेपटीच्या पुढच्या बाजूची जननेंद्रियाची जागा दोन बोटांनी हलकेच दाबून उघडायची. मादीत उभी फट दिसते, नरात गोल टोकाची छोटी नळी वर येते. साडेतीन-चार महिन्यांपुढच्या नरात दोन्ही बाजूंना लांबट, कमी केसांच्या वृषणाच्या पिशव्याही दिसतात. घाबरला की नर वृषण आत ओढून घेतो, त्यामुळे एकदा दिसले नाहीत म्हणून निकाल लावू नका. ससा फार धडपडत असेल तर सरळ डॉक्टरांकडून तपासून घ्या.

आणखी दोन शक्यता विचारात घ्या. नराला नुकतंच खच्ची केलं असेल तर शस्त्रक्रियेनंतरही चार ते सहा आठवडे तो पिल्लं देऊ शकतो. आणि मादी अलीकडेच विकत किंवा दत्तक आणली असेल तर ती आधीच गाभण असू शकते. दुकानात नर-माद्या एकाच जाळीत ठेवलेल्या मी पुष्कळदा पाहिल्या आहेत.

दुसरी पायरी: कॅलेंडरवर खूण करा

भिंतीवरच्या कॅलेंडरवर घरटं पहिल्यांदा दिसलं ती तारीख लिहा. शक्य असेल तर त्याच्या मागे जाऊन आठवा: एक मादी दुसरीच्या पाठीवर चढताना केव्हा दिसली होती, पाहुण्यांचा नर ससा घरी केव्हा आला होता, नवीन मादी केव्हा आणली.

खरं गर्भारपण साधारण ३० ते ३२ दिवसांचं असतं. त्यात केस उपटणं बहुतेक वेळा शेवटच्या एक-दोन दिवसांत येतं. काड्या गोळा करणं त्याआधी काही दिवस सुरू होऊ शकतं. खोट्या गर्भारपणात हाच प्रकार १६व्या ते १८व्या दिवसाच्या आसपास होतो. म्हणून संपर्काची तारीख माहीत असेल आणि घरटं अडीच आठवड्यांतच दिसलं, तर ते बहुधा खोटं. साडेचार आठवड्यांनी दिसलं तर पिल्लांच्या तयारीला लागा.

तारीख माहीत नसेल आणि नराची थोडीही शंका असेल, तर शेवटच्या शक्य संपर्कापासून ३५ दिवस तिला गाभण समजूनच वागवा. घाई असेल तर डॉक्टर १० ते १४ दिवसांच्या गर्भाचे गोळे पोट चाचपून ओळखू शकतात, सोनोग्राफीत त्याहून स्पष्ट दिसतं. पोट चाचपण्याचं काम घरी करू नका. चुकीच्या जागी दाब पडला तर गर्भ निसटतो, आणि नवख्या हाताला आतड्यातल्या लेंड्याही पिल्लांसारख्याच लागतात.

वजन मात्र घरी करता येतं आणि ते फार उपयोगी पडतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, त्यावर एक टोपली, टोपलीत मादी. रोज एकाच वेळी वजन घेऊन त्याच कॅलेंडरवर लिहा. गाभण मादीचं वजन हळूहळू चढतं. खोट्या गर्भारपणात फारसं हलत नाही, आणि खाली घसरू लागलं तर ती कमी खातेय हे तुम्हाला डोळ्यांना दिसण्याआधी कळतं.

तिसरी पायरी: घरटं राहू द्या

बहुतेक घरांत इथेच गडबड होते. सकाळी झाडू मारताना केसांचा ढीग दिसतो आणि आपण तो उचलून टाकतो. संध्याकाळपर्यंत मादी नवा ढीग रचते, त्यासाठी आणखी केस उपटते, आणि दोन दिवसांत तिच्या छातीवर गुलाबी कातडी दिसायला लागते. ती पिल्लांसाठी बिछाना करतेय. बिछाना नाहीसा झाला की तिच्या शरीराला एकच कळतं: पुन्हा करायला हवा.

म्हणून घरटं आहे तिथे, आहे तसं ठेवा. उलट तिला सामान पुरवा, म्हणजे स्वतःचे केस कमी उपटावे लागतात. लांब काड्यांचं वाळकं गवत सगळ्यांत उत्तम. माळव्यात गव्हाचा भुसा स्वस्त आणि मुबलक मिळतो, पण तो बारीक कापलेला आणि धुळकट असतो. बंद कोपऱ्यात तो नाका-डोळ्यांत जाऊन शिंका सुरू होतात, म्हणून घरट्यासाठी तो वापरू नका. साध्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या चालतात. कापूस, लोकर, जुन्या साडीच्या चिंध्या, गोधडीचे तुकडे नकोत. त्यांचे धागे पोटात जाऊन आतडं अडू शकतं, आणि सशाला उलटी करता येत नाही.

कोपरा मोकळा असेल तर एक पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवा, आत शिरण्यापुरतं तोंड कापा. आडोसा मिळाला की मादी शांत होते. मात्र खोक्यावरची चिकटपट्टी आणि पिना आधी काढून टाका.

जागा निवडताना इंदूरच्या हवेचा विचार करा. सशाला १५ ते २१ अंश तापमान मानवतं आणि तिशीच्या पुढे त्याला त्रास व्हायला लागतो, तर इथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. गच्चीवरच्या किंवा पत्र्याखालच्या पिंजऱ्यात घरटं करणारी मादी दुपारी आतच दबून बसते आणि तापते. तिला खालच्या खोलीत, फरशीवर, पंख्याच्या हवेत आणा. कूलर कोरड्या उन्हाळ्यात चालतो, पण झोत थेट घरट्यावर नको आणि गवत दमट होता कामा नये. डिसेंबर-जानेवारीत उलट काळजी घ्यायची. रात्री पारा १० अंशांच्या खाली जातो तेव्हा पोटावरचे केस गेलेल्या मादीला थंड फरशीवर बसू देऊ नका, खाली जाड पुठ्ठा आणि भरपूर कोरडं गवत घाला.

चौथी पायरी: डोहाळे पुरवू नका

मराठी घरात गर्भार म्हटलं की डोहाळे आलेच. सशाच्या बाबतीतही प्रेमापोटी गाजर, केळं, भिजवलेले चणे, पोळीचा तुकडा, कुणी कुणी तर गूळ देतात, सकाळच्या पोह्यांतले चार दाणेही तिच्यापुढे सरकतात. यातलं काहीही देऊ नका. पिष्ट आणि साखर सशाच्या आतड्यातले चांगले जिवाणू बिघडवतात. खोट्या गर्भारपणात आणखी एक कारण आहे: जितका सकस, प्रथिनांनी भरलेला आहार, तितकं दूध जास्त. प्यायला पिल्लं नाहीत, मग ते दूध स्तनांत साचतं.

म्हणून या दिवसांत आहार साधा करा. गोळीखाद्य किलोमागे रोज २५ ग्रॅमच्या आसपास देत असाल तर स्तन भरलेले असेपर्यंत ते निम्म्यावर आणा. लसूणघास आणि बरसीम, म्हणजे इथे गाईम्हशींना रोज घालतात तो हिरवा चारा, काही दिवस पूर्ण बंद ठेवा. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही जास्त असतात. त्याऐवजी वाळकं गवत हवं तितकं, रोज तिच्या अंगाएवढा ताजा ढीग. टिमोथी जातीचं गवत मिळालं तर उत्तम, जईचं (ओटचं) वाळकं गवतही चांगलं. हिरव्यात कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा आणि गाजराचा पाला मूठभर. दूर्वा तर त्यांना फार आवडतात. गणपतीच्या दिवसांत बाजारात जुड्याच्या जुड्या येतात त्या स्वच्छ धुऊन द्या, पण रस्त्याकडेच्या किंवा औषध फवारलेल्या बागेतल्या नकोत.

पाणी कमी करू नका. दूध आटवण्यासाठी पाणी तोडण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पाणी कमी पडलं की सशाचं पोट सुकतं आणि थांबतं. बाटलीपेक्षा जड, न कलंडणाऱ्या मातीच्या वाडग्यातून ससा जास्त पाणी पितो.

पाचवी पायरी: सकाळ-संध्याकाळ तपासणी

सगळ्या लेखातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दोन वेळा, पाच-पाच मिनिटं, आणि एकच माणूस रोज. तपासणारा बदलत राहिला की बारीक फरक निसटतात.

आधी लेंड्या पाहा. नेहमीसारख्या गोल, मोठ्या, सोनेरी-तपकिरी आणि मोडल्यावर भुसभुशीत असतील तर पोट ठीक आहे. आकार लहान, रंग काळपट, कडक झाल्या असतील तर ती कमी खातेय. दोन लेंड्या केसाने जोडून माळेसारख्या आल्या तर तिच्या पोटात केस जाताहेत, गवत वाढवा. दहा-बारा तासांत एकही लेंडी नाही आणि तिने काही खाल्लं नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उद्या सकाळपर्यंत पाहू म्हणून थांबू नका. सशाचं आतडं एकदा थांबलं की पोटात वायू साठतो, वेदनेने तो आणखी खात नाही, आणि दीड-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

मग खाणं. गवताचा ढीग किती खाली गेला ते पाहा. तिच्या सर्वांत आवडीचं पान नाकापाशी धरा. नेहमी झडप घालणारी मादी तोंड फिरवत असेल, दात करकर वाजवत पाठ कमानीसारखी करून बसली असेल, तर तिला दुखतंय.

मग स्तन. चार-पाच जोड्या, छातीपासून जांघेपर्यंत दोन रांगांत. या काळात ते थोडे फुगलेले, मऊ, स्तनाग्रं ठळक असणं साहजिक आहे, थेंबभर दूधही दिसू शकतं. दाबून दूध काढू नका. काढलं की शरीराला पिल्लं पिताहेत असा संदेश जातो आणि दूध वाढतं. एखादा स्तन गरम, कडक, लालसर किंवा निळसर झाला, हात लावताच तिने अंग चोरलं, किंवा दुधात पू-रक्त दिसलं, तर तो स्तनदाह. त्याला घरगुती उपाय नाही. हळद, तूप, शेक यात वेळ घालवू नका.

शेवटी उघडी पडलेली कातडी. ती गुलाबी, कोरडी, जखम नसलेली हवी. जून अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, पाऊस आणि माश्या असताना, ही तपासणी जास्त कसोशीने करा, शेपटीखालीही पाहा. ओल्या, मळलेल्या केसांवर माशी अंडी घालते आणि अळ्या काही तासांत कातडी पोखरू लागतात. घरट्याचा लघवीने भिजलेला भाग तेवढा रोज बदला, बाकीचं हलवू नका. आणि मादीला आंघोळ घालू नका, मळलेला भाग ओलसर फडक्याने पुसून कोरडा करा.

सहावी पायरी: तिचा राग समजून घ्या

या दिवसांत ती चावली किंवा पंजा मारला तर रागावू नका, ओरडू नका, नाकावर टिचकी मारू नका. ती तिच्या घरट्याची राखण करतेय. वाडगा भरताना, लघवीचा ट्रे बदलताना ती खोलीत मोकळी असू द्या, तिच्या तोंडासमोरून घरट्याकडे हात नेऊ नका. एरवी मांडीवर येणारी मादी चार-पाच दिवस जवळ येणार नाही. मुलांना तसं आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती हिरमुसतात.

लाड करायचेच असतील तर कपाळ आणि गाल कुरवाळा. पाठीच्या मागच्या अर्ध्या भागावरून, शेपटीपर्यंत हात फिरवायची सवय असेल तर ती कायमची सोडा. वर सांगितल्याप्रमाणे काही माद्यांना तेवढाही इशारा पुरतो.

जोडीत दोन माद्या असतील आणि एक दुसरीच्या पाठीवर चढत असेल, तर त्या दोघींपैकी कुणालाही, कधी कधी दोघींनाही, हा प्रकार होऊ शकतो. मारामारी होत नसेल तर त्यांना पूर्ण तोडू नका. मधे जाळी लावून ठेवा, म्हणजे वास आणि सोबत राहते. केस उडेपर्यंत भांडत असतील तर मात्र वेगळ्या जागा द्या. एकदा तुटलेली जोडी पुन्हा जमवायला महिने लागतात.

गोंगाटाचंही पाहा. राजवाड्याच्या आसपास राहत असाल आणि हे दिवस नेमके रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीच्या वेळी आले, तर त्या दिवशी खिडक्या लावून मादीला आतल्या खोलीत ठेवा. दिवाळीतही तसंच. आवाजाने खोटं गर्भारपण येत नाही, पण घाबरलेला ससा खाणं सोडतो, आणि आधीच कमी खाणाऱ्या मादीला ते झेपत नाही.

डॉक्टरांकडे जाताना

इंदूरमध्ये कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर भरपूर आहेत, ससे नियमित पाहणारे कमी. म्हणून गरज पडण्याआधीच फोन करून विचारून ठेवा: तुम्ही ससे तपासता का, सशांच्या शस्त्रक्रिया केल्या आहेत का? महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय शहरापासून साधारण तासाच्या अंतरावर आहे, तिथेही चौकशी करता येते. तासाभराचा रस्ता असेल तर उन्हाळ्यात सकाळी लवकर निघा, टोपलीत गवत ठेवा, आणि टॉवेलात गुंडाळलेली थंड पाण्याची बाटली तिच्या बाजूला ठेवा.

औषधांबद्दल एक गोष्ट पाठच करून ठेवा. तोंडाने द्यायचं अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही प्रतिजैविकं सशाला घातक आहेत. ती आतड्यातले चांगले जिवाणू मारतात, विषारी जिवाणू वाढतात आणि ससा दगावतो. स्तनदाहासाठी प्रतिजैविक लिहून दिलं की नाव वाचा आणि नम्रपणे विचारा, "डॉक्टरसाहेब, हे सशाला तोंडाने चालतं ना?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने नाराज होत नाही. तसंच गोचीड-पिसवांसाठी कुत्र्यांच्या मानेवर टाकायचं फिप्रोनिल असलेलं औषध सशाला कधीही लावू नका. केस गेलेले पाहून कुणी तेही सुचवतं.

दूध फारच साचलं असेल तर प्रोलॅक्टिन कमी करणारं औषध काही डॉक्टर देतात. ते द्यायचं की नाही हे त्यांनीच तपासून ठरवायचं.

सातवी पायरी: घरटं कधी उचलायचं

मादी घरट्याकडे फिरकेनाशी झाली, त्यातलंच गवत खायला लागली, किंवा त्यावर लघवी करू लागली, की तिचं मन त्यातून निघालं असं समजा. घरटं बांधायला लागल्यापासून साधारण तीन-चार दिवसांत हे होतं. उचलण्याआधी ढीग हाताने नीट उलगडून पाहा. आत खरोखर पिल्लू नाही ना? हे हसण्यावारी नेऊ नका. केसांखाली दडलेलं बोटाएवढं पिल्लू वरून दिसत नाही. मग अर्धं घरटं एके दिवशी आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी काढा, तिने पुन्हा काड्या उचलल्या तर दोन दिवस थांबा. केस साधारण काही आठवड्यांत पुन्हा येतात.

आणि पिल्लं सापडलीच तर? केस नसलेली, मिटल्या डोळ्यांची पिल्लं पाहून आई त्यांच्याजवळ बसत नाही म्हणून धास्तावू नका. सशाची आई दिवसातून एक-दोनदाच, तीन-चार मिनिटं पाजते, बाकी वेळ मुद्दाम दूर राहते. पोटं गोल आणि अंग उबदार असेल तर ती पाजतेय. गाईचं दूध पाजायला जाऊ नका. घरात नर असेल तर त्याला त्याच क्षणी वेगळं करा, कारण मादी व्यायल्याच्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते.

पुढे काय: गर्भाशय काढून घेणं

एकदा खोटं गर्भारपण आलेल्या मादीला ते पुन्हा पुन्हा येतं. काहींना वर्षातून कितीतरी वेळा. दर वेळी स्तन भरतात, दर वेळी खाणं कमी होतं. माझं मत स्पष्ट आहे: पिल्लं काढायची नसतील तर मादीची गर्भाशय आणि अंडाशय काढण्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी. खोटं गर्भारपण थांबावं एवढंच त्यामागचं कारण नाही. ज्यांचं गर्भाशय काढलेलं नाही अशा मध्यमवयीन आणि म्हाताऱ्या माद्यांमध्ये गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. चार वर्षांपुढच्या माद्यांत हे प्रमाण काही अभ्यासांत ६० टक्क्यांपर्यंत सापडलं आहे. लघवीतून रक्त दिसेपर्यंत तो कळत नाही आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

"मुक्या जिवाचं आईपण का हिरावायचं?" असं घरातली मोठी माणसं विचारतात, आणि त्या प्रश्नामागे माया असते. त्यांना हेच सांगावं की न होणाऱ्या पिल्लांसाठी वारंवार स्वतःचे केस उपटणं आणि पुढे कर्करोग, यातून तिला सोडवायचं आहे.

वय पाच-सहा महिने झालं की शस्त्रक्रिया करता येते, आणि लहान वयात ती सोपी जाते. खोटं गर्भारपण चालू असताना मात्र करू नका. त्या वेळी रक्तपुरवठा वाढलेला असतो, स्तन भरलेले असतात. घरटं सुटून, दूध आटून, स्तन मऊ झाल्यावर तारीख घ्या.

तारीख घेताना डॉक्टरांना काही गोष्टी विचारा. आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का? उत्तर 'हो' आलं तर दुसरा डॉक्टर शोधा. सशाला उलटी होत नाही, म्हणून उपाशी ठेवायची गरज नसते, आणि उपासाने त्याचं आतडं थांबतं. वायूची भूल देता का, वेदनाशामक किती दिवस देणार, आणि मादी स्वतःहून खायला लागेपर्यंत तिच्यावर लक्ष ठेवाल का, हेही विचारा. घरी आणल्यावर दहा-बारा दिवस तिला उड्या मारू देऊ नका, टाके रोज पाहा, पहिल्याच संध्याकाळी कोथिंबीर आणि ओलसर गवत तोंडापाशी ठेवा. बारा तासांत काही खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे संप्रेरकांचा अंमल उरतो. त्या काळात तिने पुन्हा एकदा काड्या गोळा केल्या, गुरगुरली, थोडे केस उपटले, तर शस्त्रक्रिया फसली असं समजू नका. घरटं राहू द्या, गवत घाला, लेंड्या पाहा. दोन महिन्यांनंतरही हे चालूच राहिलं तर मात्र अंडाशयाचा तुकडा आत राहिला आहे का, हे सोनोग्राफीने तपासून घ्या.